निवारणम्

अंधाऱ्या खोलीत प्रद्युम्नच्या खिशातला फोन थरथरला आणि शर्टाच्या पातळ कापडातून निळसर उजेड बाहेर फाकला. समोरच्या खुर्चीवरचा म्हातारा तेव्हा तक्त्यावरची तमिळ अक्षरं वाचत होता. वरच्या ठसठशीत अक्षरांपासून खाली येता येता बारक्या ओळीशी तो अडखळला होता. तंजावरच्या जुन्या बसस्टँडजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचं काम प्रद्युम्न कित्येक वर्षं करत होता, आणि या अंधारात त्याला नेहमी सुरक्षित वाटायचं. इथे समोरच्या माणसाला दिसत नसतं आणि आपल्याला दिसत असतं. त्यानं म्हाताऱ्याच्या नाकावरच्या जड चौकटीत एक भिंग सरकवलं आणि विचारलं, "आता? हे बरं की आधीचं?" म्हातारा तक्त्याकडे बघेना. तो खिशातल्या उजेडाकडे बघत होता. "निवारणम् आलं वाटतं, सर," तो म्हणाला. "आमच्या पापनाशमकडे सकाळपासून सगळ्यांच्या फोनची हीच घंटा वाजतेय. पावसानं लोळवलेल्या भाताची सरकारी भरपाई." प्रद्युम्न म्हणाला, "छे, फोन कंपनीचा मेसेज असेल." हे उत्तर इतक्या चटकन तोंडातून बाहेर पडलं की तो स्वतःच दचकला. त्यानं अजून मेसेज पाहिलाही नव्हता. तरी त्याला माहीत होतं. म्हातारा हसून पुन्हा अक्षरं वाचायला लागला, पण आता सगळी चुकीची वाचत होता. प्रद्युम्नच्या लक्षात आलं की आपण भिंग उलट्या नंबराचं घातलंय.

तो बाहेर जिन्यात आला आणि मेसेज उघडला. बँकेचं नाव होतं, पुढे रक्कम, पुढे 'पीक हानी निवारण'. खातं त्याचं होतं. त्याचे वडील, आप्पा, गेले तेव्हा जमिनीचा पट्टा, तिकडचा सातबारा, स्वतःच्या नावावर करताना त्यानं गावच्या व्ही.ए.ओ.कडे, म्हणजे तिथल्या तलाठ्याकडे, आधारची आणि पासबुकाची प्रत देऊन ठेवली होती. सरकारच्या लेखी ज्याच्या नावावर पट्टा तोच शेतकरी. पण प्रद्युम्ननं आयुष्यात कधी चिखलात पाय घातला नव्हता. पापनाशमच्या पलीकडे, कुडमुरुट्टी नदीच्या काठच्या त्या तुकड्यात भात लावायची अंजलै. तिच्या आधी तिचा नवरा लावायचा, त्याच्या आधी सासरा. पोंगलच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि कापणीला आलेला सांबा, हिवाळी भात, पाण्यात आडवा झाला, तो तिचा. बियाणं तिचं, मजुरी तिची, खत तिचं. आणि त्याची भरपाई आत्ता त्याच्या छातीवरच्या खिशात निळी चमकत होती. जिन्यात कुणीतरी चढत असल्यासारखं वाटलं म्हणून त्यानं फोन पालथा धरला. कुणी नव्हतं. खालच्या मेडिकलच्या दुकानाचं शटर वाऱ्यानं हलत होतं.

भीती कशाची, हे त्यानं स्वतःला विचारायचं टाळलं, कारण उत्तर जुनं होतं आणि ते आप्पांच्या आवाजात यायचं. आप्पा, म्हणजे रघोजीराव, शाळेत गणित शिकवायचे. वर्गात कुणाला न भिणारा हा माणूस शेतावर जायच्या आदल्या दिवसापासून गप्प व्हायचा. लहानपणी ते प्रद्युम्नला बरोबर न्यायचे. बांधावर छत्री उघडून उभे राहायचे आणि तिथे पाणी प्यायचे नाहीत. अंजलैची सासू पितळी लोट्यात ताक घेऊन यायची, तेव्हा हात जोडून नको म्हणायचे. सोवळ्यामुळे नको म्हणतात असं प्रद्युम्नला कित्येक वर्षं वाटायचं. मग एकदा परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कागद कधी द्यायचा नाही. कागद कधी घ्यायचा नाही. भात आलं तर घ्यायचं, नाही आलं तर उगी बसायचं. एकदा त्यांचं नाव सरकारी बुकात कूळ म्हणून चढलं की जमीन आपली नुसती नावाला." त्यांच्या एका चुलत्याचं तसं झालं होतं. तो चुलता म्हातारपणी राजवाड्याजवळच्या गल्लीत ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या शेताच्या चतुःसीमा सांगायचा. उत्तरेला ओढा, दक्षिणेला देवळाची जमीन. मुलं त्याला हसायची. प्रद्युम्नही हसायचा. पण त्या म्हाताऱ्याचा खालचा ओठ बोलायचं थांबल्यावरही हलत राहायचा, आणि ते पाहिलं की तो दुसरीकडे बघायचा. जमिनीवर आपण मालक म्हणून उभे राहतो ते असं: कुणाला जाग येऊ नये म्हणून पाय न वाजवता. हे त्याला आप्पांकडून जमिनीच्याही आधी मिळालं होतं.

घरी आल्यावर बायकोनं, शांभवीनं, त्याच्याकडे पाहिलं आणि पायपुसण्यावरच थांबवलं. "काय झालं? कुणाचा डोळा फोडून आलात?" ती सहज बोलली होती. त्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं आणि परत दिला. "अंजलैचे," ती म्हणाली. इतकंच. मग ती आत गेली आणि दह्यातली भेंडीची पच्चडी ढवळू लागली. तिला किती सोपं होतं! त्याला वाटलं, आत जाऊन ओरडावं, अगं, पैसे द्यायला माझी ना नाही, पण माझ्या खात्यातून तिच्या खात्यात गेले की तीच खूण होते. उद्या कुणी वकील म्हणेल, पिकाची भरपाई मालकानं हिला का दिली? कारण पीक हिचं. पीक हिचं म्हणजे कूळ ही. तो ओरडला नाही. टीव्ही लावून बसला. टीव्हीवर लोळलेल्या भाताची चित्रं दाखवत होते आणि एक बाई कॅमेऱ्यासमोर ओंजळ धरून काहीतरी सांगत होती. ती अंजलै नव्हती, तरी त्यानं चॅनेल बदललं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्यानं तो वाजू दिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. शांभवी दारात येऊन बघत राहिली, आणि तो असा बसून राहिला की जणू घरात दोघांपैकी कुणालाच ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बेंगळुरूला विनुताला फोन केला. ती धाकटी बहीण. जमीन पट्ट्यावर त्याच्या एकट्याच्या नावे असली तरी अर्धी तिची, हे आप्पांनी शेवटच्या आजारात तोंडानं सांगितलं होतं, आणि दोघांनी ते मानलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, नको. एक रुपया देऊ नको. जमीन घेणारा कुंभकोणमचा माणूस या चैत्रात विसार द्यायला येतो म्हणाला आहे, तुज ठाऊक आहे. शेतावर कुणी नाही असं मी त्याला सांगून बसलें आहे." तंजावर सोडून तिला किती वर्षं झाली, तरी भावाशी बोलताना तिची मराठी आईची होऊन जायची. "मग पाऊस तिच्या डोक्यावर पडला तो?" तो म्हणाला. मागे कुकरची शिटी झाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि माझं? माझा कुठे कागद आहे, अण्णा? माझंही तुझ्या तोंडावरच आहे. मज भय वाटतं ते हेच." त्यानं फोन ठेवला तेव्हा कान तापून लाल झाला होता. आजवर त्याला वाटायचं, भीती आपल्याला लोकांची आहे. लोकांनाही आपली असू शकते, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. आणि आत्ता आलेलंही त्याला आवडलं नाही. ते त्यानं झटकून टाकलं.

दवाखान्याच्या सुटीच्या दिवशी तो निघाला. शांभवीला म्हणाला, पीक बघून येतो. तिनं विचारलं, नुसतं बघून? तो चप्पल शोधत राहिला. बस अय्यमपेट्टैवरून गेली. दोन्ही बाजूंना शेतं पिवळी, चपटी, कुणीतरी पाठीवरून हात फिरवून दाबल्यासारखी झाली होती. खिडकीशी बसून तो मनात वाक्यं जुळवत होता. सरकारकडून काही आलेलं नाही. नाही, काहीतरी आलंय पण ते कशाचं हे कळत नाही. नाही, आलंय, तुला मदत म्हणून थोडे देतो, पण कुणाला सांगू नकोस. प्रत्येक वाक्य तोंडात घेऊन पाहिलं की आप्पांसारखं लागायचं. बसमधले लोक आपल्याकडे बघताहेत असं त्याला वाटत होतं. एक बाई खरंच बघत होती. मग कळलं, ती त्याच्या पलीकडे, खिडकीबाहेर, पाणी साठलेलं कुठलंसं स्वतःचं शेत बघत होती.

बांधावर चढल्यावर आधी वास आला, आंबूस, ओल्या पोत्यासारखा. भात पाण्यात लोळून दाणे लोंबीवरच उगवले होते. प्रत्येक दाण्यातून पांढरं मूळ आणि हिरवी काडी. हिरवळ छान दिसत होती, आणि म्हणूनच ती बघवत नव्हती. अंजलै मधोमध वाकून, गुरांना तरी होईल म्हणून तोच पेंढा कापत होती. त्याला पाहून ती ताठ झाली. हातात विळा. तिच्या मागे बांधाला दोन बायका होत्या, त्याही थांबल्या. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. रस्ता लांब होता. त्याला एकदम जाणवलं की आपण इथे आलोय हे घरी शांभवीशिवाय कुणाला माहीत नाही, आणि हा विचार आपल्या मनात आला याची लाज वाटायच्या आत त्यानं मागे वळून रस्ता बघून घेतला. ती पाण्यातून त्याच्याकडे चालत आली. साठीची बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस पांढरे. विळा तसाच हातात. आता ती विचारणार. आता म्हणणार, माझे पैसे कुठे आहेत? तो एक पाऊल मागे सरला आणि बांधाची ओली माती त्याच्या टाचेखाली सुटली.

"अय्या, मी फोन केला होता," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "तुम्ही उचलला नाही, मला वाटलं रागावलात. यंदा कुत्तगै देता येणार नाही, अय्या." कुत्तगै म्हणजे खंडाचं भात, जे दर वर्षी पोत्यांतून तंजावरला यायचं. "घरात खायलाही उरलं नाही. पुढच्या वर्षी दोन्ही मिळून देते. फक्त एवढं वर्ष..." बोलता बोलता तिनं विळा खाली टाकला आणि मोकळ्या झालेल्या हातांचं काय करायचं हे न कळून ते पदरात गुंडाळले. प्रद्युम्ननं तिचे हात पाहिले. ही भिते आहे, त्याला कळलं. मला भिते आहे. आणि त्या क्षणी त्याला जे वाटलं ते पुढे कुणालाच, शांभवीलाही, सांगता आलं नाही. त्याला बरं वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून तिच्या छातीवर ठेवावा तसं हलकं, गार, बरं. त्याचा आवाज आपसूक मोठा झाला. "कुत्तगैचं काय घेऊन बसलात?" तो म्हणाला. आप्पा तिला एकेरी बोलायचे, तो अहो-जाहो करायचा, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचं कौतुक होतं. "यंदा काही नको. एक दाणा नको." तिनं हात जोडले. मागच्या बायकांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. "नल्ला इरुक्कणुम् अय्या," अंजलै म्हणाली. तुमचं भलं होवो. तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो. त्याला मूल नव्हतं, हे तिला माहीत होतं, पण आशीर्वाद तसाच द्यायची रीत होती. तो मान हलवून वळला आणि भराभर चालू लागला. फोन खिशात होता. तिनं निवारणम्बद्दल एक शब्द विचारला नव्हता.

पापनाशमच्या स्टँडवर तंजावरची बस उभी होती. तो चढून बसला. ड्रायव्हर चहाला गेला होता. सुटलो, त्याला वाटलं. खंड सोडला, म्हणजे एका अर्थी भरपाई दिलीच की. उलट हिशेब मिटला, खूणही राहिली नाही. विनुताला सांगता येईल. शांभवीलाही सांगता येईल. शेजारच्या सीटवर दोघेजण बोलत होते. एक म्हणत होता, आमच्या गल्लीत सगळ्यांचे आले, माझे मात्र नाहीत, खात्याच्या नंबरात चूक आहे म्हणतात. दुसरा म्हणाला, कुणाचे आले, कुणाचे नाही, गावात लहान पोराला विचार, सांगेल. प्रद्युम्न खिडकीच्या गजाला धरून होता. गज गार होता. लहान पोराला विचार. मग अंजलैला माहीत नाही? मागच्या त्या बायकांना माहीत नाही? ती बाई पदराआड रडत होती असं आपण धरलं. ती हसत असली तर? आपण मोठ्या आवाजात 'एक दाणा नको' म्हणत होतो तेव्हा त्या तिघींना आपल्या शर्टाच्या खिशातून सगळं आरपार दिसत होतं, आणि तरी तिनं हात जोडले. का? शिव्या दिल्या असत्या तर समजलं असतं. रडली असती तर समजलं असतं. हे मात्र त्याच्या मापातलं नव्हतं. ड्रायव्हर येऊन बसला आणि इंजिन घरघरलं, सगळी बस थरथरू लागली, तशी त्याला एकाएकी खात्री झाली की आत्ता आपण गेलो तर त्या जोडलेल्या हातांसमोर आपण जन्मभर असेच उभे राहणार. तो उतरला. कंडक्टर मागून ओरडला. त्यानं वळून पाहिलं नाही.

ती आता एकटीच बांधावर बसून पेंढा बांधत होती. त्याला परत येताना पाहून उठू लागली. "बसा, बसा," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बांधावर खाली बसला. मातीचा ओलावा लगेच पँटमधून आत आला. श्वास लागला होता म्हणून बोलता येईना, आणि बोलता येत नाही याचाच त्याला आधार वाटला. शेवटी म्हणाला, "निवारणम् माझ्या खात्यात आलंय."

"तेरियुम् अय्या," ती म्हणाली. माहीत आहे.

"मग विचारलं का नाही?"

तिनं पेंढ्याची गाठ आवळली. "विचारून काय झालं असतं?" ती म्हणाली. "ओढ्यापलीकडे माझ्या नणंदेचं घर आहे. तिच्या नवऱ्यानं मालकाला एवढंच म्हटलं, व्ही.ए.ओ.च्या कागदावर सही द्या, म्हणजे विमा तरी माझ्या नावानं निघेल. मालक हो म्हणाला. चहा पाजला. पुढच्या पेरणीला जेसीबी येऊन उभं राहिलं. आता त्या शेतात प्लॉटचे सिमेंटचे दगड रोवलेत." तिनं पुढची पेंढी ओढून घेतली. "तुम्ही बांधावर दिसलात की दर वर्षी मला तेच वाटतं. आता सांगतील, पुरे झालं. तुमचे आप्पा छत्री घेऊन यायचे तेव्हा माझी सासू आधी देवाला हात जोडायची. मग ताक घेऊन जायची. ते पीत नसत. ते प्याले नाहीत की वर्षभर आमच्या घरात बयम."

बयम. आईही हाच शब्द म्हणायची, विनुताही, फक्त 'भ'नं. त्याला आप्पा दिसले, छत्रीखाली, हात जोडून नको म्हणताना, आणि पलीकडे लोटा धरून उभी असलेली ती म्हातारी. दोघांच्या मधे तेवढं एक ताक. "चला," तो म्हणाला. "व्ही.ए.ओ.कडे. पैसेही देतो, आणि जमीन तुम्ही करता असं लिहूनही देतो." तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. "कागद नको, अय्या. आज तुम्ही बोलता, उद्या तुमच्या घरचे काय म्हणतील? घरी विचारा. बेंगळुरूच्या अक्कांना विचारा. मग या." तिनं नकळत त्याला वाट काढून दिली होती. घरी जावं, विचारावं, मग यावं. तो परत येणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्याला विनुताचा कुकर ऐकू आला. माझंही तुझ्या तोंडावरच आहे. तिचं अर्धं आपण तिला न विचारता देऊन टाकणार आहोत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यात काही उदार नव्हतं. एका बाईची भीती काढून दुसरीला द्यायची होती. तरी तो उठला. "आत्ताच," तो म्हणाला. "नंतर माझ्याच्यानं होणार नाही."

व्ही.ए.ओ. तरुण होता आणि जेवणाचा डबा उघडत होता. सगळं ऐकून त्यानं डबा बंद केला आणि अंजलैला बाहेर बसायला सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले आहात. पीक ही काढते, एवढं पीकपाहणीत चढलं की मग खोडता येत नाही. विकायचं म्हटलंत तर गिऱ्हाईक दारातून परत जाईल. पैसे द्यायचे तर हातात द्या, कोण विचारतं? कागद कशाला?" तो जे बोलत होता ते सगळं खरं होतं, आणि आप्पांनी बसमध्ये सांगितलं होतं तेच होतं. दाराच्या फटीतून अंजलैचे पाय दिसत होते, चिखल वाळून पांढरे झालेले. तिला आतलं ऐकू येत असणार. ती उठून गेली तर बरं, त्याला वाटलं. ती म्हणाली 'राहू द्या' तर मी लगेच राहू देईन. पाय हलले नाहीत. "द्या इकडे," तो म्हणाला. सही करताना पेन कागदाला टेकेना. त्याला डाव्या हातानं उजवं मनगट धरावं लागलं. व्ही.ए.ओ.नं शरमून खिडकीबाहेर पाहिलं. मग अंजलैला आत बोलावलं. तिनं अंगठा पुढे केला नाही, पेन मागितलं, आणि जिभेचं टोक दातांत धरून, एकेक अक्षर सुटं काढत नाव लिहिलं.

बाहेर उन्हात येऊन त्यानं तिथेच, तिच्यासमोर, भरपाईचे पैसे तिच्या खात्यावर पाठवले आणि मग विनुताला फोन लावला. "मी सही करून दिली," तो म्हणाला. त्यानं पुन्हा सांगितलं. "ऐकलं," विनुता म्हणाली. "मज न विचारता." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "घरी जाऊन तुझ्या अर्ध्याचंही लिहून..." तो म्हणत होता, पण ती लाईनवर नव्हती. पुन्हा लावला, लागला नाही. तो फोन हातात धरून उभा राहिला. कुंभकोणमचा माणूस आता काय करेल, विनुता किती दिवस बोलणार नाही, आप्पांचा चुलता उत्तरेला ओढा म्हणत कसा ओठ हलवायचा, सगळं एकदम अंगावर आलं. हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही.

अंजलैनं या वेळी हात जोडले नाहीत. "पेंढा तसाच पडलाय," एवढंच म्हणाली आणि गावाच्या रस्त्याला लागली. तो तिच्या मागोमाग निघाला, कारण स्टँडही त्याच बाजूला होतं. थोडं चालल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ती पुढे चालली आहे आणि आपण मागे. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. आपण गाठू म्हणून त्यानं पावलं झपझप उचलली. ती बाजूला झाली नाही, थांबली नाही, वेगही कमी केला नाही. आपल्या चालीनं, हात हलवत, रस्त्याच्या मधून चालत राहिली. तिला थांबवायची हाक त्याच्या ओठाशी आली, जुनी, ओळखीची. मग त्यानं पावलं आवरली आणि ती जाईल तशी तिला जाऊ दिलं.